लिनक्सवर चालत नाही म्हणे

"लिनक्सवर हे चालत नाही" असं मला त्या दिवसांत ज्यांनी ज्यांनी ऐकवलं, त्यांतल्या एकानंही लिनक्स डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. मोबाईलच्या दुकानातल्या माणसानं नव्हतं, कंपनीच्या हेल्पलाइनवरच्या मुलीनं नव्हतं, शेजारच्या बिल्डिंगमधल्या कम्प्युटर क्लासच्या सरांनीही नव्हतं. दुकानदारानं तर तो शब्द माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला आणि मॉडेमचं खोकं माझ्या नाकासमोर धरलं. "यावर काय लिहिलंय? विंडोज. त्याच्या खाली काय लिहिलंय? काही नाही. वाचता येतं ना?" मला वाचता येत होतं. मी म्हणाले, "खोक्यावर आमचं धायरी गाव पण लिहिलेलं नाही. मग धायरीतही चालणार नाही का?" त्यानं खोकं काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, "घेऊन जा. चाललं नाही तर परत आणायचं नाही." मी घेऊन गेले. बोटाएवढं पांढरं यंत्र, आत मोबाईलसारखंच सिमकार्ड, कम्प्युटरला खोचलं की घरात इंटरनेट. आजच्या मुलांना मोबाईलवरूनच सगळं मिळतं, त्यांना हे सांगताना मी दगडी पाट्यावर वाटण करायच्या गोष्टी सांगतेय असं वाटतं. पण तेव्हा आमच्या गल्लीत इंटरनेटची वायर येत नव्हती. विचारायला गेलं की "तुमच्या बाजूला अजून लाइन टाकलेली नाही" एवढंच उत्तर मिळायचं, आणि ते सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर, आम्ही तिथे राहायला गेलो हीच चूक, असा भाव असायचा.

आम्ही धायरीत गावठाणाच्या कडेला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचो. मागे म्हशींचा गोठा, पुढे नवी उठणारी बिल्डिंग, शेजारी पिठाची गिरणी. सकाळी गिरणीचा पट्टा फटफटायला लागला की पाठोपाठ काँक्रीटचं मिक्सर सुरू व्हायचं आणि या दोन्हींच्या वर आईचा आवाज. आई-बाबा वर्ध्याकडचे. बाबा कारखान्यात कामाला म्हणून पुण्यात आले, ताई आणि मी इथेच वाढलो, पण घराच्या आत बोली वऱ्हाडीच. बाहेर मी "अहो काका, जरा सरकता का" म्हणणारी मुलगी होते आणि घरात "आई, मले भूक लागली व" म्हणणारी. कॉलेजात कुणी त्यावरून हसलं की मी पुढची दहा वाक्यं मुद्दाम वऱ्हाडीतच बोलायचे. रविवारी सकाळी विहारात वंदना, दुपारी पातोडीचा रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्या आणि वर लाल तर्री. माझ्या पुणेरी मैत्रिणी पहिल्या घासाला नाक पुसायच्या आणि तरी दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या. बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात तथागतांची लहानशी मूर्ती होती, तिच्यापुढे मेणबत्ती, आणि त्याच टेबलावर माझा कम्प्युटर. आईला ते पटलं नव्हतं. बाबा म्हणाले होते, "शिकाची वस्तू हाय ते. इथंच राहू दे."

तो कम्प्युटरही बाबांनीच आणलेला. कारखान्याच्या ऑफिसनं जुनी मशिनं काढून टाकली, तेव्हा साहेबाला विचारून त्यांनी एक मागून घेतलं आणि दवाखान्यातून लेकरू आणावं तसं गोधडीत गुंडाळून, मांडीवर धरून रिक्षानं घरी आणलं. आतलं सगळं पुसून टाकलेलं होतं. ताईचे यजमान, आमचे दाजी, हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत होते. लग्नाकार्यालाही गळ्यातलं ओळखपत्र काढायला विसरणारा माणूस, पण मनानं चांगला. "मी विंडोज टाकून देतो," असं ते म्हणाले आणि त्यांच्या कंपनीच्या बसला हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सवड मिळेपर्यंत महिने गेले. त्याआधी मला रद्दीच्या दुकानात एका मासिकाबरोबर फुकट आलेली, विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सची सीडी सापडली. मी ती घातली. पहिल्यांदा पडदा काळा झाला, दुसऱ्यांदा आवाज आला पण चित्र नाही, पण हार मानायची तर दाजींची वाट पाहायची, आणि ते मला नको होतं. शेवटी ते चाललं. पुढची दोन वर्षं मी त्या मशीनची नाडी ओळखायला शिकले. काय बिघडलं की कुठं बघायचं, कुठल्या ओळीवर विश्वास ठेवायचा, सगळं. कॉलेजनं मला जे शिकवलं त्यापेक्षा त्या काळ्या पडद्यानं जास्त शिकवलं, हे मी आजही ठामपणे सांगते.

कॉलेजनं मला द्यायचं ते दिलंच, छप्पन टक्के. मधल्या वर्षी कावीळ झाली, एक वर्ष गेलं, टक्के घसरले. आणि कॉलेजात येणाऱ्या कंपन्यांनी साठावर रेघ मारलेली. रेघेच्या खालच्यांना त्या खोलीत बसायलाही बोलवत नव्हते. वर्गातल्या मुली हिंजवडीच्या बसमध्ये चढल्या आणि मी पत्ते शोधत कसबा पेठेत पोचले, एका लहानशा कंपनीत. लोकांचे सर्व्हर, म्हणजे वेबसाइटी ज्यांच्यावर चालतात ती मशिनं, सांभाळायचं त्यांचं काम. सगळा कारभार लिनक्सवर. मालकीण आगाशे बाई. ऑफिस लाकडी जिन्याच्या वर, आणि जिन्याखाली तांबट भांडी ठोकत बसलेले. बाई दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत बोलायच्या, म्हणूनच त्यांची वाक्यं आखूड झाली असावीत. मार्कशीट बघून म्हणाल्या, "छप्पन." ठोका पडला. "का?" मी म्हणाले, "कावीळ झाली होती." ठोका. "बरी झाली?" "हो." "मग तो विषय संपला."

मग त्यांनी परीक्षा सांगितली. सोमवारी दुपारी बारा वाजता त्या एक मशीन मुद्दाम बिघडवून ठेवणार. मी घरून, माझ्याच कम्प्युटरवरून, माझ्याच कनेक्शननं त्या मशीनमध्ये शिरायचं आणि दीड तासात ते सुरू करायचं. "गिऱ्हाइकाचं मशीन आपल्या सोयीनं बंद पडत नाही," त्या म्हणाल्या, "तेव्हा घरून काम जमायला हवं." मी सांगून टाकलं, "माझ्या घरी इंटरनेट नाही." "मग आणा." "आमच्या गल्लीत लाइन येत नाही. सायबर कॅफेतून केलं तर…" "आपल्याला सायबर कॅफेत नोकरी लागली, तर जरूर तिथून करा. ज्या मुलीला स्वतःची लाइन जोडता येत नाही, ती दुसऱ्याची काय जोडणार?" मला राग आला आणि बाई आवडल्याही. आजवर सगळ्यांनी मला माझ्या मार्कांवरून नाही म्हटलं होतं. या बाईनं नाही म्हणण्याआधी मला निदान एक काम तरी दिलं होतं. आणि हे जमलं नाही तर पुढं काय, तेही ठरलेलं होतं. दाजींनी एक कॉल सेंटर पाहून ठेवलं होतं. रात्रपाळी, घरी न्यायला-आणायला गाडी, आणि फोनवर करुणाची कॅरन व्हायचं. आईबाबांना त्यात वावगं दिसत नव्हतं, ताईला तर मोठं सुख वाटत होतं. मला माझं नाव बदलायचं नव्हतं. एवढी एकच गोष्ट मला तेव्हा पक्की ठाऊक होती.

सिम बाबांच्या नावावर घेतलं, कारण लाइट बिल, रेशन कार्ड, सगळं त्यांच्या नावावर. मॉडेम खोचलं, दिवा लागला, आणि माझ्या कम्प्युटरनं जाहीर केलं की एक सीडी घातलेली आहे. सीडी! मी यंत्र काढलं, परत खोचलं, पुन्हा तेच. इंटरनेटला इंटरनेट लागतं, ही त्या काळातली सगळ्यात मोठी गंमत. उत्तरं सगळी सायबर कॅफेत आणि आजार घरात. मी धायरी फाट्यावरच्या कॅफेत जायचे, जगभरातल्या लोकांची रडगाणी वाचायचे, लागेल ती फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन घरी यायचे. घरी कळायचं की ही फाइल दुसऱ्या एका फाइलीशिवाय बसत नाही. परत फाट्यावर. ती दुसरी आणली की ती तिसरीचं नाव सांगायची, जसे लग्नातले पाहुणे आपल्याबरोबर आणखी पाहुणे आणतात. कॅफेवाला मला बघून न विचारताच कोपऱ्यातलं मशीन मोकळं करून द्यायला लागला. आई म्हणायची, "दिवसभर येऊन-जाऊन रायली, एखांदा डबाच घेऊन जात जाय." मी भाकरी गुंडाळून नेऊ लागले.

उत्तर मिळालं ते इतकं साधं होतं की मी कॅफेत मोठ्यानं हसले. ते यंत्र सुरुवातीला खरंच सीडीचं सोंग घेतं. त्याच्या पोटात विंडोजसाठीचे प्रोग्रॅम ठेवलेले असतात, ते आधी पुढं करतं. विंडोज ते घेतं आणि मग यंत्र आपलं खरं रूप दाखवतं. लिनक्सला ते प्रोग्रॅम नको असतात, म्हणून दोघं एकमेकांकडे बघत बसतात. उपाय काय, तर त्या खोट्या सीडीला सांगायचं, बाहेर हो. एका शब्दाची आज्ञा. घरी येऊन मी ती दिली. दिवा विझला. मग दिवा परत लागला, वेगळ्या रंगाचा, आणि पडद्यावर ओळ आली, मॉडेम सापडलं. मॉडेमशी बोलायची एक जुनी पद्धत आहे, दोन अक्षरं लिहायची, ते ऐकत असेल तर ओके म्हणतं. मी लिहिलं. त्यानं ओके म्हटलं. मी पुन्हा लिहिलं, त्यानं पुन्हा ओके म्हटलं. मी एकटीच खोलीत बसून त्या यंत्राशी कितीतरी वेळ एवढंच बोलत राहिले. सगळी दुनिया चालत नाही म्हणत होती आणि ते माझ्याशी बोलत होतं. आई पीठ मळता मळता बाहेर डोकावली आणि म्हणाली, "काय झालं व? अशी काऊन हासून रायली?"

पण इंटरनेट लागलं नाही. मॉडेम टॉवरला हाक मारायचं आणि टॉवर नकार द्यायचा. मी विचारलं की यंत्र सांगायचं, नोंदणी नाकारली. टॉवर सापडला नाही, असं नाही म्हणायचं. नाकारली. या दोहोंत फरक आहे, हे मी हेल्पलाइनवरच्या मुलीला समजावून सांगत होते. ती म्हणाली, "मॅडम, लिनक्सवर चालत नाही." दुकानदार म्हणाला, "मी सांगितलं होतं." मी त्याला म्हणाले, "तुमचं सिम बंद आहे." तो म्हणाला, "आमचं सिम बंद नसतं." मधे शनिवार आला आणि संपला.

रविवारी विहारातून आलो तेव्हा ताई आणि दाजी घरी येऊन बसले होते. दाजींच्या हातात विंडोजची सीडी होती. बाबांनीच त्यांना बोलावून घेतलं होतं, मला न सांगता. आईनं जावयासाठी आलूबोंडे तळायला घेतले होते आणि घरभर लसणीच्या फोडणीचा वास होता. आलूबोंडा हातात घेऊन दाजी अगदी प्रेमानं म्हणाले, "हे बघ करुणा, बेसिकली त्या मॉडेमला सपोर्टच नाहीये. इगो आणू नको मधे. तासाभरात फॉरमॅट करतो, विंडोज टाकतो, उद्या आरामात टेस्ट दे." फॉरमॅट म्हणजे दोन वर्षांचं सगळं पुसणं. मी त्या मशीनमध्ये बसवलेलं, जुळवलेलं, शिकलेलं सगळं. डिस्क एवढीशी, दोन्ही मावत नव्हती. मी म्हणाले, "सपोर्ट आहे. मॉडेम बोलतंय. टॉवर नाही म्हणतोय. विंडोज टाकलं तरी टॉवर नाहीच म्हणणार." दाजी हसले. "टॉवरला काय तुझ्याशी वैर आहे?" मी म्हटलं, "मग तुमच्या लॅपटॉपला लावून बघा." तो कंपनीचा लॅपटॉप होता, त्यात बाहेरचं काही खोचायला बंदी होती. म्हणजे ते सिद्धही करू शकत नव्हते आणि माझं ऐकतही नव्हते.

आणि मग बाबा म्हणाले, "ऊठ बाप्पा करुणा. दाजीले बसू दे."

बाबांनी मला आयुष्यात कधी कुठून उठवलं नव्हतं. विहारात पुढं बस म्हणणारे, शाळेत पहिल्या बाकावर बस म्हणणारे, बसमध्ये खिडकी धरून बस म्हणणारे बाबा. मी खुर्चीच्या दोन्ही बाजू धरल्या आणि म्हटलं, "मी उठत नाही." ताई म्हणाली, "अगं, ते तुझ्याच भल्यासाठी…" मी म्हटलं, "भलं असू दे. मी उठत नाही." आईनं कढईवरून हाक मारली की बोंडे गार होऊन रायले, तरी कोणी हललं नाही. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ देत नव्हते. आज या वयात विचार करते, मी तेव्हा उठले असते तर काय झालं असतं? कदाचित विंडोज चाललंही असतं, पुढं कधीतरी. पण मी उठले असते तर नंतर प्रत्येक खुर्चीवरून उठले असते, असं मला वाटतं, आणि त्या खुर्च्या पुढं पुष्कळ आल्या. मी म्हटलं, "बाबा, तुमचा फोन द्या. त्यात हे सिम घालून बघू. फोनमध्ये तर लिनक्स नाही ना?"

बाबा फोन द्यायला तयार नव्हते. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबर लावून ठेवलेला असायचा, आणि सुपरवायझरचा कधीही फोन येईल या धाकानं ते तो अंघोळीलाही दाराशी ठेवायचे. पण दाजी बघत होते. बाबांनी रबर काढलं. मी सिम बदललं, फोन चालू केला. आम्ही सगळे त्या एवढ्याशा पडद्याकडे बघत उभे राहिलो. सिम नोंदलेलं नाही, असं त्यावर आलं. मी फोन दाजींच्या हातात दिला. त्यांनी तो बंद करून परत चालू केला. पुन्हा तेच. "हं," दाजी म्हणाले, "म्हणजे… सिमचा इश्यू आहे बेसिकली." मी बाबांचं सिम परत फोनमध्ये बसवलं.

बाबा मात्र खाटेवर बसले. गुडघे चोळत म्हणाले, "मले एक फोन आला होता. पोरगी होती. हिंदीत इचारे, आपने नेट का कनेक्शन लिया है क्या. मी म्हनलं, नाही." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "नाई म्हनलं?" "हो. मी फोनवर नाईच म्हनत असतो." हे खरं होतं. त्याच्या आदल्या वर्षी फोनवर कुणीतरी त्यांना काहीतरी विचारलं, ते सवयीनं हो म्हणाले आणि त्यांच्या फोनला कॉलर ट्यून लागली. ती पण आरतीची. बौद्धाच्या घरी! विहारातले लोक त्यांना फोन करायचे, टाळ-घंटा ऐकायचे आणि विचारायचे, "काय गा, धर्म बदलला काय?" ती ट्यून काढता निघत नव्हती आणि बॅलन्स रोज कापला जात होता. तेव्हापासून बाबांनी घरात कायदा केला की फोनवर अनोळखी माणसानं काहीही विचारलं तरी नाही म्हणायचं. सिमकार्डाच्या मालकाची खातरजमा करायला कंपनीनं फोन केला आणि मालकानं कायदा पाळला. मी नाकारली, नाकारली म्हणत होते, तो नकार माझ्याच बापाचा होता. मला एवढं हसू आलं की अडवून ठेवलेलं रडूही त्याबरोबर बाहेर आलं. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "उद्या मी सुट्टी टाकतो."

दाजी जाताना सीडी टेबलावर ठेवून गेले. "असू दे. लागली तर," म्हणाले. मी ती कपाटावर टाकली.

सोमवारी सिंहगड रोडवरच्या कंपनीच्या दुकानाचं शटर वर जायच्या आधी बाबा आणि मी तिथे उभे होतो. बाबांनी विहारात घालायचा पांढरा शर्ट घातला होता. काउंटरवरच्या मुलानं कम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाला, "यात कस्टमरनी डिनाय केलंय." बाबा म्हणाले, "कस्टमर मी. मीच म्हनलं नाई." "मग आता परत अर्ज करा काका. चोवीस तास लागतील." "आज बारा वाजता लागते." "तसं होत नाही काका. प्रोसेस असते." मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी मला हातानं थांबवलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "हे पहा. नाई म्हनलं तवा तुमी एका मिनिटात आयकलं. दुसऱ्यांदा इचारलं बी नाई. आता मी हो म्हनून रायलो, समोर उभा राहून, कागद घेऊन. हो आयकाले चोवीस तास काऊन लागते?" मागच्या रांगेतला कुणीतरी हसला. मुलानं आतल्या साहेबाला बोलावलं. साहेबाला बाबांनी तेच, त्याच आवाजात पुन्हा सांगितलं. साहेबानं कुठंतरी फोन लावला. आम्ही बसलो नाही. खुर्च्या होत्या, पण बाबा बसले नाहीत, म्हणून मीही नाही. पुष्कळ वेळानं साहेब म्हणाला, "होईल तासाभरात." बाबा म्हणाले, "मंग तासभर इथंच थांबतो." खरंच थांबलो. बाबांच्या फोनवर कंपनीच्या मुलीचा पुन्हा फोन आला, तेव्हा ते दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हो!"

घरी आलो तेव्हा साडेअकरा वाजत आले होते. मी सीडीचं सोंग उतरवलं, मॉडेमला हाक मारली, मॉडेमनं टॉवरला मारली, आणि टॉवरनं नोंदणी घेतली. पहिलं पान उघडायला इतका वेळ लागला की आईनं तेवढ्यात भात लावला. सिग्नल एकच दांडी. पुढच्या बिल्डिंगनं आमच्याकडे येणारं सगळंच अडवलं होतं, ऊन, वारा, आणि हेही. मी लांब वायर लावून मॉडेम खिडकीत टांगलं. एका दांडीची दीड झाली. कॅफेत मी वाचलं होतं की मागे धातूचं खोलगट भांडं धरलं तर लाटा गोळा होतात. आमच्या घरात सगळ्यात खोलगट म्हणजे आईची जर्मनची कढई. अ‍ॅल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात. तिच्यात आदल्या दिवशीचं तेल होतं. आई म्हणाली, "हात नाई लावू देनार." मग माझ्या तोंडाकडे बघितलं, पुटपुटत तेल बरणीत ओतलं आणि कढई माझ्या हातात दिली. मी ती गजांना सुतळीनं बांधली. तीन दांड्या आल्या.

बारा वाजता मी आगाशे बाईंच्या बिघडलेल्या मशीनमध्ये शिरले. त्यांनी ते मन लावून बिघडवलं होतं. डिस्क भरलेली, एका फाइलीचे अधिकार काढून घेतलेले, आणि आणखी एक खोडी, जी मला शोधावी लागली. मी एकेक गाठ सोडवत होते आणि मधेच पडदा थिजला. लाइन गेली. वाऱ्यानं कढई फिरली होती. मी परत जोडलं, परत आत शिरले, जिथं सोडलं होतं तिथून पुढं. थोड्या वेळानं पुन्हा गेली. सुतळी सुटली होती. मी खुर्चीतून अर्धवट उठले, तर बाबा आधीच खिडकीशी पोचले होते. त्यांनी कढई दोन्ही हातांत धरली. मी म्हटलं, "थोडं डावीकडं. अजून. वर. बस्स. बाबा, आता हालू नका." ते हलले नाहीत. त्यांचा पांढरा शर्ट पाठीला चिकटला, म्हशींच्या माशा त्यांच्या मानेवर बसल्या, बिल्डिंगवरचे गवंडी काम थांबवून बघायला लागले. बाबांनी एका गवंड्याला नुसतं पाहून परत कामाला लावलं. आई मधे पाणी घेऊन आली, तर त्यांनी मानेनंच नाही म्हटलं.

शेवटची गाठ सुटली. मशीन चालू झालं. मी खुर्चीला पाठ टेकवली आणि बाबांचा फोन वाजला. तो टेबलावरच होता, अर्जात मी तोच नंबर दिला होता. मी उचलला. आगाशे बाई होत्या. त्यांच्या मागे तांबटांचे ठोके ऐकू येत होते.

"आपली लाइन दोनदा गेली," त्या म्हणाल्या.

"हो."

"दोन्ही वेळा आपण परत आलात. लगेच." ठोका. "शेजारी कुणी जाणकार बसलंय का, मदतीला?"

"कुणी बसलेलं नाही," मी म्हणाले. "वडील उभे आहेत."

"ते काय करतात?"

"कारखान्यात असतात. आत्ता खिडकीत कढई धरून उभे आहेत. सिग्नलसाठी."

पलीकडे दोन-तीन ठोके नुसतेच पडून गेले. मला वाटलं, झालं, ही बाई आता हसणार, आणि मी मनात उत्तरही तयार केलं. बाई हसल्या नाहीत.

"उद्या दहाला या," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे उशिरा आलेलं चालत नाही. आणि वडिलांना सांगा, आता खाली ठेवली तरी चालेल."

मी फोन ठेवला. खिडकीत बाबा तसेच उभे होते, कढई जिथल्या तिथे. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. काय झालं, लागली का नोकरी, असं काहीच विचारलं नाही.

"ठेवू?" ते म्हणाले.

"ठेवा बाबा," मी म्हटलं.